करवत ढकलायची नसते

मी करवतीवर काम करतो. गाव पेठ तालुक्यात, करंजाळीच्या पलीकडे. काम मात्र हरसूलच्या डोंगरउतारापासून जुन्या नाशकातल्या बोळांपर्यंत, जिथे बोलावतील तिथे. पावसाळाभर घरचं भात आणि नागली. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी सुरू झाली की आमच्याकडची निम्मी गावं दिंडोरी-निफाडच्या बागांमध्ये मजुरीला उतरतात. मी तिकडे जात नाही. दिवाळी झाली, बांधावरचं गवत वाळलं, की करवती बाहेर काढतो, दात लावतो आणि होळीपर्यंत, कधी पाडव्यापर्यंत, लाकडातच असतो. झाड पाडायचं, ओंडके करायचे, ओंडक्यातून फळ्या, वासे, चौकटीचा माल काढायचा, वाड्याची जुनी तुळई चिरून द्यायची, असं सगळं.

हजेरीवर माझ्या नावापुढे ‘मजूर’ लिहितात. सुतार कारागीर, गवंडी कारागीर, आणि सुताराच्या हातात सरळ फळी देणारा मजूर. दिवसाचा रोजही, म्हणजे मजुरी, त्याच हिशोबानं मिळतो. मागच्या हिवाळ्यात एका ठेकेदाराशी यावरून बोललो, तर तो म्हणाला, “अहो भाऊ, करवतीत शिकण्यासारखं काय आहे? दोन माणसं, पुढं-मागं, पुढं-मागं, संपलं.” माणूस वाईट नाही, पैसे वेळेवर देतो. पण ते ‘पुढं-मागं’ मला लागलं. तेव्हा उभ्याउभ्या जेवढं सांगता आलं त्याहून जास्त इथे लिहितो आहे, कारण असं समजणारा तो एकटा नाही.

करवतीला ‘पुढं’ नसतंच. दोन मुठींची करवत फक्त ओढायची असते. मी ओढतो तेव्हा समोरच्यानं हात सैल सोडायचा, तो ओढतो तेव्हा मी. ढकललं की पातळ पातं कापात वाकतं, काप तिरका जातो आणि दोघांचे खांदे भरून येतात. ऐकायला सोपं आहे. अंगात मुरायला हिवाळा जातो, कारण समोरचा दमलेला दिसला की हात आपोआप मदतीला जातो आणि इथे तीच मदत त्याला जड पडते.

मला हे मामांनी शिकवलं. मामा जंगल कामगार सोसायटीच्या कुपात, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, काम करायचे. 1947 च्या सुमारास त्या वेळच्या मुंबई प्रांतात या सोसायट्या सुरू झाल्या. ठेकेदारानं कूप घ्यायचा आणि आदिवासीला राबवायचं, याऐवजी कामगारांच्या सोसायटीलाच कूप द्यायचा, अशी ती कल्पना. आमच्या भागात चांगले करवतवाले त्या कुपांमध्येच तयार झाले. मामा समोर असले की मुठीतूनच त्यांना कळायचं मी ढकलतोय की नाही. ढकललं तर ते काही बोलायचे नाहीत, मूठ सोडून बाजूला उभे राहायचे आणि करवत माझ्या हातात लुळी पडायची. रागावले असते तर मी इतकं लवकर शिकलो नसतो.

उभा काप, म्हणजे ओंडक्यातून फळी काढणं, त्याहून अवघड. ओंडका दोन घोड्यांवर, म्हणजे लाकडी आधारांवर, माणसाच्या उंचीइतका वर चढवतात आणि पाचरी मारून पक्का बसवतात. एक माणूस ओंडक्यावर, एक खाली. दात खाली येताना कापतात, म्हणून ताकद खालच्याची आणि नजर वरच्याची. वरच्यानं करवत वर उचलून घ्यायची, परत जागेवर सोडायची आणि रेघेवरून नजर काढायची नाही. रेघ आधी मारलेली असते: सूत गेरूच्या पाण्यात भिजवून दोन टोकांना ताणून धरायचं आणि मधोमध चिमटीत उचलून सोडायचं. एकच फटका. दुसऱ्यांदा मारलं की दोन रेघा होतात, मग कुठल्या रेघेनं जायचं यावरून दिवसभर घोळ. रेघ ओंडक्याच्या वर मारतात तशी खालीही मारावी लागते, आणि दोन्ही तोंडांवर ओळंबा धरून वरची रेघ खालच्या रेघेशी जुळवावी लागते. वरच्यानं वरची रेघ सांभाळली आणि खालच्यानं खालची नाही, तर फळी एका कडेला एक इंच आणि दुसऱ्या कडेला दीड इंच निघते. सुतार ती परत पाठवतो, आणि बरोबर करतो.

पण ओढणं काय, रेघ सांभाळणं काय, करवतीला दात नीट लावलेले नसतील तर सगळं फुकट. या कामातला मोठा भाग करवत लाकडाला लागायच्या आधीच झालेला असतो, कानशीवर.

लाकडाचे रेषे झाडाच्या उंचीच्या दिशेनं असतात. ओंडका आडवा तोडताना ते रेषे चिरावे लागतात, म्हणून आडव्या कापाच्या करवतीचे दात टोकदार असतात आणि एकाआड एक उलट बाजूनं कानस मारून त्यांना धार आणलेली असते. फळी काढताना रेष्यांच्या दिशेनंच जायचं असतं, तिथे दात पटाशीच्या घाटाचा लागतो, पुढून सपाट, लाकूड खरवडून उचलणारा. फळीच्या करवतीनं आडवं कापायला गेलात तर लाकूड फाटतं. आडव्या कापाच्या करवतीनं फळी काढायला गेलात तर संध्याकाळपर्यंत हातभर काप होत नाही. बाजारात करवत मिळते ती नुसतं पातं समजा, तिचे दात आपल्या कामाला आपणच लावायचे.

माझी पद्धत अशी. आधी सपाट कानस दातांच्या टोकांवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकदा सरळ फिरवतो आणि मग करवत उन्हात तिरपी धरून बघतो. ज्या टोकांवर चमक उठली ते दात उंच. जिथे चमक नाही तो दात आखूड, तो लाकडाला लागतच नाही, त्याचं काम शेजारचा करतो आणि शेजारचा लवकर बसतो, म्हणजे बोथट होतो. दात वाढवता येत नाही, त्यामुळे बाकीची सगळी ओळ त्या आखूड दाताच्या उंचीला उतरवावी लागते. मग तिकोनी कानस. प्रत्येक दाताला घास तेवढेच, जोर तेवढाच, कोन तोच. मी मनात मोजत जातो, आणि त्या वेळी कुणी हाक मारली तर ओ देत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

त्यानंतर दात फाकवायचे. एक डावीकडे, एक उजवीकडे, अगदी थोडे. त्यानं काप पात्याच्या जाडीपेक्षा जरा रुंद होतो आणि पातं मोकळं चालतं. ओल्या, चिकट लाकडाला फाक जास्त लागते, वाळलेल्या सागाला कमी. फाक जास्त झाली तर निष्कारण जास्त लाकडाचा भुसा होतो, कमी झाली तर पातं कापात धरलं जातं. आणि एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा केसभर जरी जास्त फाकले तरी करवत त्या बाजूला वळत जाते, मग वर उभा असलेला माणूस कितीही हुशार असो. बारीक दातांच्या एकहाती करवतीला मामा सुई लावून बघायचे. करवत दात वर करून गुडघ्यांत धरायची, दातांच्या दोन ओळींमधल्या पन्हळीत सुई ठेवायची आणि ते टोक हळूच उचलायचं. फाक सारखी असली तर सुई पन्हळीतून घसरत पार दुसऱ्या टोकाला जाते. मध्येच अडली किंवा खाली पडली तर तिथे दात चुकलाय. मामांची सुई टोपीच्या शिवणीत खोचलेली असायची. मी ती पाकिटात ठेवतो.

काम चालू असताना भुशावर नजर ठेवावी. आडव्या कापात दात नीट असले तर भुसा लांबट, धागेदार पडतो. पीठ पडायला लागलं की समजावं दात बसले, आता लाकूड कापलं जात नाही, नुसतं घासलं जातंय. अशा वेळी थांबून कानस मारणारा करवतवाला मालकाला कामचुकार वाटतो. सागाच्या लाकडात सिलिका असते, वाळूत असते तीच, म्हणून साग हाताला मऊ लागला तरी दात भराभर खातो. सागाच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी भाकरी आधी उरकतो आणि उरलेला वेळ कानशीला देतो. पात्यावर चीक बसला तर पूर्वी रॉकेलचा बोळा फिरवायचो. रॉकेल मिळेनासं झाल्यापासून डिझेलवर भागवतो, पण त्याचा वास हाताला रात्रीपर्यंत राहतो.

झाड पाडण्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते वाचून कुणी करायला जाऊ नये. आधी झाडाभोवती दोन फेऱ्या. वर आग्या मोहोळ आहे का, वाळलेली फांदी अडकलेली आहे का, झाडाचा कल कुठे, दुपारचा वारा कुठून. मग बुंध्याला कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकतो. भरीव खोड टणक बोलतं, पोकळ खोडाचा आवाज बसका येतो. ढोलीत घरटं, पिल्लं असली तर मी ते झाड त्या हंगामात पाडत नाही. मालकाला घाई असली तर त्यानं दुसरा माणूस बघावा. पडायच्या बाजूला खाच घ्यायची, खोडाच्या जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतकी खोल. मागचा काप खाचेच्या तळापेक्षा दोन-तीन बोटं वरून. आणि दोन्हींच्या मधे जाडीच्या साधारण दहाव्या हिश्शाची पट्टी न कापता ठेवायची. झाड त्या पट्टीवर बिजागरीवर फिरावं तसं फिरतं आणि म्हणून सांगितलेल्या बाजूला पडतं. पट्टी पूर्ण कापली की झाडावर कुणाचाच ताबा राहत नाही. पळायची वाट मागे तिरकी, आधी साफ केलेली. सरळ मागे पळायचं नाही, बुंधा उसळून मागे येतो.

पडलेला ओंडका निपचित दिसतो, पण त्याच्यात ताण असतो. दोन दगडांवर टेकलेला आणि मधे अधांतरी असेल तर त्याची वरची बाजू दाबलेली असते आणि खालची ताणलेली. वरून सरळ कापत गेलात तर थोड्या वेळात काप मिटतो आणि करवत आत धरली जाते. मग वरून तिसऱ्या हिश्शापर्यंत कापून पाचर ठोकायची आणि उरलेला काप खालून घ्यायचा. एक टोक टेकलेलं आणि दुसरं हवेत असेल तर हे सगळं उलटं. उतारावर ओंडका कुठल्या बाजूला घरंगळेल ते बघून वरच्या अंगाला उभं राहायचं. करवत हातात घ्यायच्या आधी ओंडक्याकडे नुसतं बघत बसलेला माणूस दिसला तर त्याला हाक मारू नका, तो कामावरच असतो.

आता वाड्यांचं. नाशकातले जुने वाडे दर पावसाळ्यात कुठे ना कुठे खचतात, काही मालक स्वतःहून उतरवतात. त्या वाड्यांत सागाच्या तुळया आणि खांब असतात, आणि आज बाजारात मिळणाऱ्या सागापेक्षा ते लाकूड कितीतरी दाट असतं. पण आरागिरणीवाले ते घ्यायला नाखूश असतात. कारण खिळे. पट्ट्याची करवत वेगानं फिरत असते, आत एक खिळा लागला की पट्टा जातो, कधी तुटून अंगावरही येतो. म्हणून जुनी तुळई हातानं चिरायला आमच्याकडे येते. हातकरवतीला खिळा लागतो तेव्हा मुठीत लगेच कळतं आणि थांबता येतं.

पंचवटीत एका वाड्याची अशीच तुळई आली होती, माजघरावरची. चौदा फूट लांब, वरून चुलीच्या धुरानं काळी ठिक्कर. मालकांना तिच्यातून नव्या घराच्या मुख्य दाराच्या फळ्या हव्या होत्या. त्यांच्या आई, वयस्कर बाई, खुर्ची टाकून समोर बसल्या आणि म्हणाल्या, “बाळा, हिला झोपाळा टांगलेला होता. कड्या कुठे होत्या ते मी दाखवते.” त्यांनी बोट ठेवलं तिथे काजळीच्या खाली खरंच दोन भोकं, लाकडाच्या खुंट्यांनी बुजवलेली. बाकीचे खिळे मी माझ्या पद्धतीनं शोधले. आधी चारही बाजू कोयत्याच्या पाठीनं खरवडल्या, मग लोहचुंबक फिरवला. खोल गेलेला खिळा चुंबकाला कळत नाही. तिथे रंग बघायचा. सागाच्या अंगात लोखंड गंजलं की भोवती निळसर काळा डाग पसरतो, आणि तो डाग रेष्यांच्या दिशेनं वर-खाली लांबत जातो. डाग लांबट आणि फिकट असला तर खिळा डागाच्या मध्यावर खोल असतो. गोल आणि गडद असला तर वरच्या अंगाला. पटाशीनं कडेचं लाकूड सोडवून खिळे काढले. सगळे चौकोनी, लोहारानं ठोकून घडवलेले, डोकं वेडंवाकडं. एक डाग होता आणि खिळा नव्हता, तो कुणीतरी पूर्वीच उपटलेला असणार.

पहिली फळी सुटली तेव्हा आतलं लाकूड सोनेरी पिवळं निघालं. जुन्या सागाला कातड्याचा आणि तेलाचा मिळून एक वास असतो, तो अंगणभर पसरला. ताज्या कापावर हात फिरवला तर मेणचट लागतो, याच तेलानं ते लाकूड वाळवीला दाद देत नाही. तासाभरात हवेनं रंग गडद व्हायला लागला. कापाच्या दोन्ही कडांना मी जाडी मोजली आणि ती सारखी आली. त्या दिवशीच्या हजेरीवरही नेहमीचाच शब्द लिहिला गेला. मी मालकांना म्हणालो, मजूर खोडा आणि करवत कारागीर लिहा. त्यांनी पेन काढलं आणि खोडून लिहिलं. रोज तेवढाच राहिला, पण तो कागद मी जपून ठेवला आहे आणि पुढच्या कामाला दाखवतो.

भाचा आता माझ्यासोबत असतो, त्याचं म्हणणं मशीन घ्यावं. चेनसॉला माझा विरोध नाही. झाड पाडायला, फांद्या उतरवायला, वादळात रस्त्यावर पडलेलं खोड हटवायला मी भाड्यानं आणतो आणि वापरतो. पण फळीला नाही. चेनसॉचा काप साधारण 8 ते 9 मिलिमीटर रुंद पडतो, नीट फाकवलेल्या हातकरवतीचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. एका ओंडक्यात दहा काप घ्यायचे म्हटले तर मशीननं तीन इंचांहून जास्त लाकूड भुशात जातं, हातानं दीड इंच. एक इंची फळी धरली तर एक अख्खी फळी आणि वर अर्धी. गिरणीचा पट्टा हातापेक्षाही बारीक कापतो, हे मान्य आहे. ज्याचा ओंडका गिरणीपर्यंत पोचतो आणि ज्यात खिळे नाहीत, त्यानं गिरणीतच न्यावा. पण 1996 च्या गोदावर्मन खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जंगलभागातल्या विनापरवाना आरागिरण्या बंद झाल्या आणि नव्यांवर कडक बंधनं आली. जंगलासाठी ते चांगलंच झालं. पण ओढ्यापलीकडच्या शेतात पडलेला आंबा गिरणीपर्यंत न्यायचं भाडं आता फळ्यांच्या किमतीच्या वर जातं. तिथे करवत खांद्यावर टाकून आम्हीच जातो.

झाड मालकीचं असलं तरी कागद आधी, करवत नंतर. 1964 च्या वृक्षतोडीच्या कायद्यात साग, आंबा, फणस, मोह, चिंच, जांभूळ, हिरडा, खैर, ऐन, बिबळा, हळदू, तिवस अशी झाडं अनुसूचीत आहेत. ती शेतात असली तरी परवानगीशिवाय हात लावता येत नाही. शहरात 1975 चा वेगळा कायदा आणि महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण. आमच्यासारख्या आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीला 1969 चा आणखी एक कायदा आहे. ती विक्री कलेक्टर कचेरी आणि वनखात्याच्या मार्गानं होते. पूर्वी व्यापारी मिठाच्या भावात आमचा साग उचलून न्यायचे, म्हणून तो कायदा आला. कागदांना वेळ लागतो आणि लोक कंटाळतात, पण परवानगी हातात दिसल्याशिवाय मी करवत पिशवीतून काढत नाही. लाकूड हलवायला वाहतुकीचा पास वेगळा लागतो.

आणि विकताना मोजणी स्वतः समजून घ्या. ओंडक्याच्या मध्यावर दोरीनं गोलाई घेतात, तिचा चौथा हिस्सा काढतात, त्याला त्यानंच गुणतात आणि पुढे लांबीनं गुणतात. गोलाई 48 इंच आणि लांबी 8 फूट असेल तर चौथा हिस्सा 12 इंच. 12 गुणिले 12 गुणिले 8, भागिले 144, म्हणजे 8 घनफूट. पण त्या गोल ओंडक्यात प्रत्यक्षात सुमारे 10.2 घनफूट लाकूड असतं. साली, पाठीचे तुकडे, भुसा यांची तूट धरूनच ही रीत बसवलेली आहे, तिच्यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती या हिशोबानंतर व्यापारी परत ‘साल वजा’ म्हणून आणखी कापतो तेव्हा. तूट एकदा धरली गेली आहे, हे त्याला तोंडावर सांगा.

तपोवनातल्या झाडांवरून नाशकात आंदोलन पेटलं तेव्हा गावातल्या पोरांनी मला विचारलं, मामा, तुमचं पोट तर तोडण्यावरच आहे, तुम्ही कुठल्या बाजूला? 2027 च्या कुंभमेळ्यात तिथे साधुग्राम, म्हणजे साधूंच्या मुक्कामाची वसाहत, उभारायचं आहे, जागा लागणार, हे मला कळतं. तरी मी आंदोलनवाल्यांच्या बाजूला होतो आणि तसं स्पष्ट सांगितलं. मी आयुष्यभर पाडलेलं झाड दारात, छपरात, औताच्या जुवात गेलं. मंडपाची जागा मोकळी करायला जितंजागतं झाड पाडायचं आणि त्याचा नुसता पाला-भुसा करायचा, ते काम मला कुणी दिलं तरी मी घेणार नाही. वाळलेली, वठलेली, पडलेली, घरावर कललेली झाडं नाशिक जिल्ह्यात इतकी आहेत की माझ्या आणि भाच्याच्या हातांना ती पुरून उरतील.

सध्या हातात असलेलं काम तसंच आहे. हरसूलकडे एका शेतात पावसाळ्यात आंबा मुळापासून उपटून पडला. परवानगी आली आहे. घरच्यांना त्याच्या फळ्या मुलीच्या लग्नाच्या पाटांसाठी आणि कोठाराच्या दारासाठी हव्यात. मधे ओढा आहे, टेम्पो जात नाही, तेव्हा ओंडका जागेवरच चिरायचा. घोड्या तिथल्याच वाळलेल्या फांद्यांच्या करू. करवतीचे दात या वेळी भाच्यानं लावले. मी सपाट कानस फिरवून उन्हात धरली तर मधले दोन दात आखूड निघाले. बाकीची अख्खी ओळ त्यांच्या उंचीला उतरवण्यात त्याची दुपार गेली आणि त्यानं कुरकुर केली नाही. दुसऱ्या दिवशी दारातल्या बाभळीच्या तुकड्यावर लावून बघितली, काप सरळ गेला.

सागासारखा धीर आंब्याला नसतो. पडून राहिला की भुंगा लागतो, आत काळ्या रेघा धरतात. चिरून झाला की त्याच दिवशी फळ्या सावलीत रचायच्या, दोन फळ्यांच्या मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या, आणि प्रत्येक थराची पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर वर, नाहीतर फळी वाकते. टोकांना शेण-मातीचा जाड लेप द्यायचा, टोकं आधी वाळली की चिरा तिथूनच आत शिरतात. त्या घरच्या ताईंना शेण कालवून ठेवायला सांगितलं आहे. आम्ही सोमवारी निघतो.